पलटणीतला पूर्वज शोधताना

आमच्या घरात खापरपणजोबांच्या दोन कहाण्या चालत आल्या आहेत. वडील सांगायचे, ते औट्रम साहेबाच्या भिल्ल पलटणीत होते. आत्याच्या तोंडी कहाणी उलटी: ते खाज्या नाईकाबरोबर सातपुड्यात इंग्रजांशी लढले. दोन्ही कहाण्या एकाच पंगतीत सांगितल्या जायच्या आणि कुणाचा घास अडायचा नाही. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी हा गुंता हाती घेतला. ज्यांचे वाडवडील अशा स्थानिक पलटणींत होते, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो आहे.

आधी पलटण काय होती ते सांगायला हवं. १८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे गेला, पण डोंगरातले भिल्ल काही कंपनीला जुमानेनात. कवायती फौज पाठवून पाहिली, ती तापाने हैराण होऊन परत यायची. शेवटी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला धरणगावला बसवून भिल्लांचीच पलटण उभी करायला सांगितलं. माणसं आधी फिरकेनात. औट्रम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला जाऊ लागला, तेव्हा कुठे विश्वास बसला. पुढे हीच पलटण १८३० मध्ये डांगात गेली आणि १८५७-५८ मध्ये सरकारच्या बाजूने उभी राहिली. १८९१ मध्ये ती पोलिसांत मिसळून टाकली.

शोध घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही कवायती लष्करातली रेजिमेंट नव्हती, मुलखाचा बंदोबस्त राखणारी स्थानिक पलटण होती. त्यामुळे लष्कराच्या दप्तरात तिचा शिपाई शोधत बसणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. त्यांत गोऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक, बढती, पेन्शन, सगळं सापडेल. भिल्ल शिपायाच्या नावाची फाईल मात्र सहसा मिळत नाही.

हेच ठाऊक नसल्यामुळे माझ्या एका चुलतभावाला फटका बसला. 'लंडनहून पूर्वजांचं रेकॉर्ड काढून देतो' म्हणणाऱ्या एका एजंटला त्याने चांगली रक्कम मोजली. हाती आला एक रंगीत, चौकटीतला कागद. नाव बरोबर, पण रेजिमेंट मुंबईच्या कवायती फौजेतली आणि गाव कोकणातलं! पैसे अर्थातच परत आले नाहीत. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो: नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळून जाऊ नका. त्या काळच्या कागदांत आमच्या लोकांना आडनाव क्वचितच असतं; एकाच नावाची चार माणसं एका वस्तीत निघतात. नाव, बापाचं नाव आणि गाव ही तिन्ही जुळली तरच तो आपला माणूस. दोनच जुळली तर पेन्सिलने लिहून ठेवा, शाईने नको.

आमचा माणूस सापडला तो कोतवाल बुकात. जन्म-मृत्यूची ही गावनोंद हल्ली जातपडताळणीसाठी सगळे धुंडाळतात. तिच्यात पूर्वजांचा धंदाही सापडू शकतो, इकडे मात्र कुणी बघत नाही. मयताच्या नोंदींचं ते पान कडेने कुरतडलेलं होतं, शाई तांबूस झालेली. नाव, बापाचं नाव, जात 'भिल', वय साठ, कारण 'ताप'. आणि नावाच्या खाली, रकान्यात जागा नव्हती म्हणून तिरकं लिहिलेलं: 'पेनशनर'. मोडीत. मला मोडी जेमतेम येते. धुळ्याच्या एका जाणकारांनी ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचून दाखवली. पेन्शन म्हणजे सरकारी चाकरी, तीही बरीच वर्षांची. वडिलांच्या कहाणीला पहिला आधार मिळाला तो असा. वय साठ मात्र शब्दशः घेऊ नका. खबर द्यायला आलेल्याने 'म्हातारा होता' म्हटलं की लिहिणारा साठ टाकून मोकळा व्हायचा.

कागद कुठे असतील, याचाही घोळ असतो. धरणगाव आज जळगाव जिल्ह्यात आहे, म्हणून लोक आधी जळगावला धाव घेतात. पण १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळ्याला. जुना कागद धुळ्याच्या अभिलेख कक्षातही निघू शकतो. सन पाहतानाही सावध असावं. जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवायचे, आणि वर्ष जूनमध्ये बदलतं हे विसरायचं नाही. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा, वाट दाखवणारं कुणीतरी भेटतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. तरुणांनी ते करावेत. दर वेळी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणं बरं नाही.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत जे पुराभिलेखागार आहे, तिथे पलटणीचा पत्रव्यवहार न्याय, महसूल आणि राजकीय खात्यांच्या खंडांत विखुरलेला आहे. पगार, बंदुका, चौक्या, शिक्षा असे विषय. शिपायांची नावं तुरळक, जमादार-सुभेदारांची थोडी जास्त. छापील पुस्तकांत सिमकॉक्स या आयसीएस अधिकाऱ्याने १९१२ मध्ये लिहिलेला पलटणीचा वृत्तांत आणि १८८० चं खानदेशचं गॅझेटिअर ही दोन हवीतच. वाचताना राग येईल. तिथे भिल्ल एक तर दरोडेखोर असतो, नाहीतर साहेबाने माणसाळवलेला. तरी वाचा, तारखा आणि ठिकाणं त्यांच्याकडेच आहेत, मतं त्यांची त्यांना लखलाभ.

घरातल्या वस्तूंवर फार भिस्त ठेवू नका. आमच्या देव्हाऱ्यात एक पितळी चपरास होती. 'औट्रमने दिलेली' म्हणून दसऱ्याला तिची पूजा व्हायची. घासून स्वच्छ केल्यावर अक्षरं निघाली जंगल खात्याची! आजोबा फॉरेस्ट गार्ड होते, त्यांची ती. पूजा अजूनही होते, आणि व्हावी. आजोबाही पूर्वजच की.

आता सगळ्यात अवघड भाग. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला सरकारी फौज आणि खाज्या नाईक, भीमा नाईक यांचे लोक यांच्यात मोठी लढाई झाली. भिल्ल मारले गेले, शेकडो बायका पकडल्या गेल्या. त्या काळात भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने याच मुलखात बंडवाल्यांच्या मागावर होती. आमचे खापरपणजोबा तेव्हा विशीत असावेत. पुढे पेन्शन मिळाली म्हणजे ते तेव्हा पलटणीत असण्याचा दाट संभव आहे. त्यांनी आपल्याच लोकांवर बंदूक झाडली का? त्याचा कागद नाही.

मी हे टिपण घरात वाचून दाखवलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, पेन्शनचं राहू द्या. खाज्या नाईकाचं लिहा. गावात फलक लागेल." त्याचं चुकलं असं म्हणवत नाही, गावात मान कुणाला नको असतो? पण मी नाही म्हटलं. मुळात हा खाज्या नाईकच आधी सरकारी चाकरीत सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा. तोच पुढे बंडाचा पुढारी झाला. जंगल सुटलेलं, पोटाला नाही, अशा वेळी एका कुटुंबातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा डोंगरात, हे अगदी शक्य होतं. आत्याची कहाणी कदाचित त्या दुसऱ्या भावाची असेल. म्हणून ती मी खोडली नाही. वंशावळीत वेगळ्या ओळीत, 'ऐकीव' असा शेरा मारून ठेवली आहे. खापरपणजोबांच्या नावापुढे मात्र कागद सांगतो तेवढंच: पेन्शनर, बहुधा खानदेश भिल्ल पलटण.

याच शोधात हाती आलेला कोतवाल बुकाचा उतारा पुतण्याच्या मुलीच्या जातपडताळणीत उपयोगी पडला, कारण १९५० पूर्वीच्या नोंदीला तिथे वजन असतं. तेव्हा कुठलाही उतारा काढाल तेव्हा साक्षांकित प्रत मागून घ्या. मोबाईलमधला फोटो समितीपुढे चालत नाही. आणि जून-जुलै टाळा. तेव्हा दाखल्यांची झुंबड असते, अभिलेख कक्षात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर जा, गावाचं जुनं नाव आणि तेव्हाचा तालुका कागदावर लिहून न्या.