अकरा ओळींची आज्ञावली

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे पुष्कळसे तयार भाग ‘एनपीएम’सारख्या सार्वजनिक भांडारातून घेतात. तेथे ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली होती. तिचे काम काय? समजा, ‘७’ हा अंक तीन स्थानांत हवा आहे. डावीकडे शून्ये भरून ती ‘००७’ देई. बस्स, एवढेच! २२ मार्च २०१६ रोजी, दुसऱ्याच एका नावावरून झालेल्या वादात, कर्त्याने ती काढून घेतली आणि तिच्यावर विसंबलेल्या हजारो आज्ञावलींची बांधणी अडली. काही तासांतच ती परत ठेवावी लागली.

पायथन भाषेच्या ‘पायपीआय’ भांडाराचा नियम पाहा. तुमच्या १.० आवृत्तीत चूक निघाली, तर त्याच नावाने दुरुस्त फाइल ठेवता येत नाही. पहिली पुसली तरीही! १.०.१ काढावी लागते. नियम जाचक वाटेल खरा. पण एरवी काल आणि आज १.० घेणाऱ्यांच्या हाती वेगवेगळ्या वस्तू पडतील.