गावतळ्याचा गाळ काढताना

गावतळ्यातले बहुतेक जीव उथळ काठाच्या आश्रयाने राहतात. गुडघाभर पाण्यातल्या वनस्पतींत मासे अंडी घालतात, बेडकांची पिल्ले आणि चतुरांच्या अळ्या तिथेच वाढतात, हिवाळ्यात आलेले तुतारी पक्षी ओल्या चिखलातून किडे टिपतात. गाळ काढण्याच्या कामात पहिला घाव बसतो तो याच पट्ट्यावर. पोकलेनला उभी कड कापणे सोपे, शिवाय कामाचा हिशोब घनमीटरमध्ये. अशा तळ्यात पाणी वाढते, पण गुरांना उतरायला वाट राहत नाही आणि चिखलात चरणारे पक्षी फिरकत नाहीत. म्हणून नाल्याच्या आवकेकडचा काठ खोदाईतून वगळून आधीच चुन्याने आखून ठेवावा.

खोली गाळाच्या जाडीवरून ठरवावी. तळाचा चिकण थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून यंत्र मुरुमात शिरले की तळे लवकर आटते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर धोका दुहेरी आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात जमिनीखालचे पाणी खारट, त्यामुळे साठलेले पावसाचे पाणी हाच माणसांचा, गुरांचा आणि पाखरांचा आधार. गाळाखालची क्षारयुक्त माती शेतात पसरली तर ते शेतही बिघडते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली आल्यापासून गाळाला मागणी वाढली आहे. तरी माती परीक्षण झाल्याशिवाय ट्रॉली भरू नये.

कामाला एप्रिल-मे हा काळ बरा, कारण हिवाळी पाहुणे तोवर परतलेले असतात. मात्र त्याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि पाणकासव चिखलात गाडून घेऊन उन्हाळा काढते. यंत्र उतरण्यापूर्वी तळ पायी फिरून पाहावा. मऊ पाठीचे हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सापडल्यास वनविभागाला कळवावे. शक्य असेल तर यंदा अर्धे तळे, पुढच्या वर्षी उरलेले, असे करावे. न खोदलेल्या भागातून जीव पुन्हा पसरतात.

तळ्यात माजणाऱ्या बेशरम या झुडपाचा प्रश्न वेगळा. ती नुसती छाटली तर तुकड्यांतून पुन्हा फुटते. मुळासकट उपटावी लागते. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरात तळ्यांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि मासेमार ढिवर समाजाने तळ्यांतली बेशरम काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. त्यानंतर देशी मासळी वाढली. वऱ्हाडाने नमुना घ्यावा तो हा: गाळ काढल्यावर काम थांबत नाही, वनस्पती लावणे हाही त्याचाच भाग आहे. मत्स्यबीज सोडतानाही देशी जातीच निवडाव्यात. आफ्रिकन मागूर लहान माशांना संपवतो आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

तळ्यात मासळी कुठे अंडी घालते, उन्हाळ्यात पाणी कुठे शेवटपर्यंत टिकते, हे गावातल्या भोई मंडळींना ठाऊक असते. आखणीच्या दिवशी त्यांना सोबत घ्यावे.