सीपॅप नको, ऑपरेशन हवं : कोणतं आणि कितीला?

स्लीप अ‍ॅप्नियावर, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याच्या आजारावर, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन घरी येतं, काही रात्री उशाशी राहतं आणि मग कपाटावर जातं. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, हवा गिळली जाऊन पोट फुगतं. मग ईएनटी सर्जनपुढे बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'एकदाचं ऑपरेशन करून टाकलं तर किती खर्च येईल?' याचं उत्तर पाऊण लाखही असू शकतं आणि सहा लाखही. पण झोपेत घसा नेमका कुठे मिटतो, हे कळेपर्यंत दोन्ही आकडे निरर्थक आहेत. चुकीच्या जागी केलेलं स्वस्त ऑपरेशन पूर्ण वाया जातं. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा, मग ऑपरेशनचा भाव विचारा. (पुढचे रुपयांतले आकडे पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांचे, ढोबळ आहेत. खोलीचा वर्ग आणि सर्जन बदलला की ते सहज दीडपट होतात.)

स्लीप स्टडी घरी केली तर साधारण 4 ते 8 हजार, रुग्णालयात तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली रात्रभर केली तर 10 ते 20 हजार. ऑपरेशनचा विचार असेल तर दुसरी करावी. रिपोर्टात सगळे एएचआय बघतात, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. त्याच कागदावर आणखी दोन आकडे असतात आणि ते फारसं कुणी वाचत नाही. एक, ऑक्सिजन सर्वांत खाली किती गेला. दुसरा, उताणं झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय. उताणं 40 आणि कुशीवर 8 असं दिसलं, तर ऑपरेशनच्या आधी पाठीला उशी लावून कुशीवर झोपण्याचा प्रयोग करून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

यानंतरची तपासणी म्हणजे स्लीप एंडोस्कोपी, डॉक्टरांच्या बोलण्यात 'डाइस'. ऑपरेशन थिएटरमध्ये शिरेतून औषध देऊन झोप आणतात, माणूस घोरू लागला की नाकातून बारीक दुर्बीण घालतात आणि पडद्यावर बघतात: टाळू खाली येतो की बाजूच्या भिंती आत येतात, जिभेचं मूळ मागे पडतं की कंठच्छद झाकण घालतो. खर्च 15 ते 30 हजार. हे बघितल्याशिवाय कुणी मोठ्या माणसाच्या टाळूवर किंवा जिभेच्या मुळावर ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चित्रफितीची प्रत मागून ठेवा, ती त्या दुसऱ्या मतासाठी उपयोगी पडते.

सर्वाधिक होणारं ऑपरेशन टाळू, पडजीभ आणि टॉन्सिलचं, म्हणजे यूपीपीपी आणि त्याचे नवे प्रकार. पूर्वी बराच भाग कापून टाकत. आता काटेरी धाग्याने ताणून जागेवर बसवण्याकडे कल आहे. खर्च 80 हजार ते 2 लाख. फायदा कुणाला होतो, याचा चांगला अंदाज मायकेल फ्रिडमन या अमेरिकी सर्जनने 2002 साली मांडलेल्या वर्गवारीतून येतो. टॉन्सिल मोठे आणि जीभ खाली बसलेली, अशा पहिल्या गटात सुमारे 80 टक्क्यांना यश आलं. टॉन्सिल लहान आणि जीभ उंच, अशा तिसऱ्या गटात 8 टक्क्यांना. ऑपरेशन तेच, बिलही जवळपास तेच. 'मी कोणत्या गटात?' हा प्रश्न थेट विचारा. लहान मुलांचा हिशेब मात्र वेगळा आहे. त्यांच्यात टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढणं हाच सहसा पहिला इलाज असतो.

आता रुग्णालय जो खर्चाचा अंदाज लिहून देतं, तो कागद नीट वाचू. वर ठळक अक्षरांत 'पॅकेज 1,20,000'. खाली बारीक अक्षरांत काय काय वगळलंय ते. कोब्लेशन (रेडिओलहरींनी ऊती काढण्याचं तंत्र) वापरणार असतील तर त्याची कांडी, म्हणजे वाँड, एकदाच वापरायचा असतो आणि तोच 15 ते 30 हजारांचा. भूलतज्ज्ञांचे पैसे धरलेत का? ऑपरेशननंतरची आयसीयूतली रात्र धरली आहे का? या आजारात ती रात्र चैनीची नाही, कारण घसा सुजलेला, भूल पुरती उतरलेली नाही आणि वरून वेदनाशामक औषधं, अशा वेळी श्वास अडकू शकतो. तीव्र आजार असूनही कुणी 'सकाळी या, संध्याकाळी घरी' म्हणत असेल तर स्वस्ताईवर खूश होऊ नका. नंतर दोन आठवडे कामावर जाता येत नाही. रक्तस्राव आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो, म्हणून त्या काळात रुग्णालयापासून लांब जाऊ नये. गावी जाऊन आराम करायचा बेत पुढे ढकला.

नाकाच्या पडद्याचं ऑपरेशन 50 हजार ते सव्वा लाखात होतं. त्याने एएचआय फारसा उतरत नाही. पण नाक मोकळं झाल्यावर कपाटावरचं मशीन सोसवू लागतं आणि दाबही कमी पुरतो. एवढ्यासाठी केलं तर पैसे वसूल.

'लेझरने वीस मिनिटांत घोरणं बंद' या जाहिरातींकडे पाठ फिरवा. लेझरने टाळू छाटण्याचा उपचार या आजारासाठी करू नये, असं अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिन अकादमीने फार पूर्वीच सांगितलं आहे. घोरणं थांबतं आणि श्वास अडकणं चालूच राहतं, हा त्यातला मोठा धोका.

जबड्याचं ऑपरेशन सर्वांत मोठं आणि, मशीन सोडून दिलेल्या तीव्र रुग्णांमध्ये, सर्वांत भरवशाचंही. वरचा आणि खालचा जबडा कापून साधारण एक सेंटिमीटर पुढे आणतात, टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. त्यामुळे टाळूपासून जिभेपर्यंत सगळी वाट एकदम रुंदावते. खर्च 3 ते 6 लाख, दातांना तारा लावायच्या असतील तर तो वेगळा. काही आठवडे पातळ अन्न, खालच्या ओठाला बधिरपणा आणि चेहरा थोडा बदलणार, हे आधी मान्य हवं. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा नायर दंत रुग्णालयात जबड्याच्या शस्त्रक्रियांचा खर्च याच्या अंशात येतो. पट्ट्या-स्क्रू स्वतः आणावे लागतील का, ते आधी विचारून घ्या. विम्याच्या दृष्टीने इथे एक मेख आहे: 'दंतोपचार' किंवा 'सौंदर्यासाठी' असा शिक्का मारून दावा नाकारला जाऊ शकतो. पूर्वपरवानगीच्या अर्जावर निदान म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया लिहिलेलं असावं आणि सोबत स्लीप स्टडी जोडलेली असावी.

आता इम्प्लांट. अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगी ज्याचं नाव फोनवर सांगते, ते बहुधा 'इन्स्पायर'. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने 2014 साली त्याला मान्यता दिली. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरसारखा डबा, तिथून हनुवटीखाली जिभेच्या मज्जातंतूपर्यंत तार. झोपताना रिमोटने चालू करायचं. श्वासाच्या लयीत जीभ पुढे सरकत राहते. ऑपरेशननंतर साधारण महिन्याने ते सुरू करतात आणि पुढे पुन्हा स्लीप स्टडी करून विजेचा जोर ठरवतात. 126 रुग्णांवरच्या ज्या अभ्यासावर मान्यता मिळाली, त्यात वर्षभरात मध्यक एएचआय 29.3 वरून 9 वर आला. बॅटरी साधारण अकरा वर्षांची, म्हणजे पन्नाशीत बसवलं तर साठीत पुन्हा छोटं ऑपरेशन. 'नायक्सोआ' या बेल्जियन कंपनीच्या 'जेनिओ'त शरीरात बॅटरीच नाही, हनुवटीखाली बाहेरून पट्टी चिकटवायची. त्याला एफडीएची मान्यता 2025 मध्ये मिळाली.

अमेरिकेत इन्स्पायरचा पूर्ण खर्च 30 ते 40 हजार डॉलरच्या घरात जातो. तिथे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) आणि बहुतेक खासगी विमे तो देतात, पण अटी घालून: मशीन वापरून पाहिलेलं असावं, एएचआय मध्यम ते तीव्र असावा, वजन मर्यादेत असावं (मेडिकेअरसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 35 च्या आत) आणि डाइसमध्ये टाळू चहूबाजूंनी गोल मिटताना दिसू नये. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-वडिलांना व्हिजिटर विम्यावर हे मिळणार नाही. आधीपासूनचा आजार त्यात सहसा बसत नाही.

वजन जास्त असेल तर आधी तिकडे बघावं. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार बीएमआय 40 किंवा अधिक असेल, अथवा 35 किंवा अधिक असून तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल आणि साधे उपाय करून उपयोग झाला नसेल, तर वजन घटवण्याची (बेरिअ‍ॅट्रिक) शस्त्रक्रिया विमा कंपनीला केवळ 'लठ्ठपणा' म्हणून वगळता येत नाही. अडीच ते चार लाखांच्या बिलात ही ओळ कामाची आहे. टिर्झेपाटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनलाही लठ्ठ रुग्णांतल्या मध्यम व तीव्र आजारासाठी अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली.

विम्याच्या आणखी दोन गोष्टी. आधीच्या आजारासाठीचा थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. टॉन्सिल आणि नाकाच्या पडद्यासाठी बऱ्याच पॉलिसींत वेगळी दोन वर्षं मोजतात. आणि खोली. पॉलिसीत रोजचं भाडं 5 हजारांपर्यंत मर्यादित असताना 10 हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही; अनेक पॉलिसींत सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर यांचंही निम्मंच मिळतं. सीपॅप मशीन मात्र बहुतेक पॉलिसींत 'न मिळणाऱ्या वस्तूं'च्या यादीत असतं, म्हणून त्याचे 40 ते 80 हजार खिशातूनच जातात.

ऑपरेशनचं बजेट करताना शेवटी आणखी 10 ते 20 हजार बाजूला ठेवा: तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी करायची असते. रुग्णालयाच्या अंदाजात ती नसते आणि 'हे आता घोरत नाहीत' असं घरच्यांनी सांगितलं की बहुतेक जण ती टाळतात. ती होईपर्यंत जुनं मशीन विकू नका.