वाळून पुन्हा उमलणारी अळंबी

पावसाळा सुरू झाला की घराच्या मागे पडलेला आंब्याचा ओंडका, कुंपणाचा जुना खांब किंवा जळणासाठी रचून ठेवलेली लाकडे एकदा नीट न्याहाळून पाहा. त्यांवर नखापासून रुपयाच्या नाण्याएवढे, करड्या-पांढऱ्या रंगाचे, लोकरीसारखी लव असलेले छोटे पंखे ओळीने चिकटलेले दिसतील. त्यांना देठ जवळजवळ नसतोच. ही आहे शायझोफायलम कम्यून नावाची अळंबी. ‘शायझोफायलम’ म्हणजे चिरलेल्या पानाची आणि ‘कम्यून’ म्हणजे सर्वत्र आढळणारी. स्वीडिश शास्त्रज्ञ फ्रीस यांनी १८१५ साली तिला हे नाव दिले. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत ती सापडते, तेव्हा नाव सार्थच म्हणायचे!

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. मग मी अळंबीकडे कसा वळलो? त्याचे असे झाले. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी दिवाळीपूर्वी मला अशी अळंबी लागलेली एक काटकी दिली होती. ती मी टेबलाच्या खणात टाकली आणि विसरून गेलो. मे महिन्यात खण आवरताना ती पुन्हा हाती आली. अळंबी वाळून कडक झाली होती व आक्रसली होती. सहज गंमत म्हणून तिच्यावर पाणी शिंपडले आणि दोन तासांनी पाहतो तो काय, ती पुन्हा पंख्यासारखी पसरली होती!

हे कसे घडते? पंख्याच्या खालच्या बाजूला देठाकडून कडेपर्यंत गेलेल्या पातळ उभ्या पट्ट्या दिसतात. त्यांना कल्ले म्हणतात. नव्या अळंब्या ज्यांपासून उगवतात ते सूक्ष्म बीजाणू या कल्ल्यांच्या पृष्ठभागावर तयार होतात. इतर अळंब्यांचे कल्ले अखंड असतात. हिचा प्रत्येक कल्ला मात्र मधोमध उभा चिरलेला असतो. हवा कोरडी झाली की चिरेच्या दोन्ही बाजूंचे अर्धे भाग एकमेकांपासून दूर होऊन बाहेरच्या बाजूला वळतात आणि बीजाणू तयार करणारा पृष्ठभाग आत झाकला जातो. पाणी मिळाले की ते सरळ होतात, चीर मिटते आणि बीजाणू पुन्हा सुटू लागतात.

आता विजेच्या इस्त्रीतील द्विधातू पट्टी आठवा. दोन धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. येथेही तत्त्व तेच, फक्त उष्णतेच्या जागी पाणी आहे. कल्ल्याच्या दोन बाजू वाळताना सारख्या आक्रसत नाहीत. बीजाणूंची बाजू अधिक आक्रसते, म्हणून कल्ला तिच्याकडे वळतो. या हालचालीला स्नायू लागत नाहीत, की मज्जातंतू लागत नाहीत!

वाळलेली अळंबी मेलेली मात्र नसते. कॅनडातील कवकशास्त्रज्ञ बुलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा वाळलेल्या अळंब्या निर्वात काचनळ्यांत बंद करून ठेवल्या. सुमारे ५० वर्षांनंतर त्यांपैकी एक नळी उघडून आतल्या अळंबीला पाणी दिले, तेव्हा तिचे कल्ले सरळ झाले आणि बीजाणू सुटू लागले. ही नोंद १९६२ साली प्रसिद्ध झाली.

तुम्हीही प्रयोग करून पाहा. आठ-दहा अळंब्या दोन दिवस सावलीत वाळवा. शाळेच्या तराजूवर सर्वांचे मिळून वजन करा. मग त्या बशीत ओल्या टिपकागदावर, कल्ले वर करून ठेवा आणि वर काचेचे भांडे पालथे घाला. दर १५ मिनिटांनी भिंगातून कल्ले पाहा व आकृती काढा. दोन तासांनी वरचे पाणी टिपून पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणले, की अळंबीने शेकडा किती पाणी शोषले ते कळेल. मात्र एक पथ्य पाळा. अळंबी नाकाजवळ नेऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे अशांच्या नाकाच्या पोकळ्यांत किंवा फुप्फुसांत हिचा संसर्ग क्वचित होतो. दमा असलेल्यांनी हा प्रयोग दुरूनच पाहावा.

ही अळंबी ‘औषधी’ आहे असे तुम्ही ऐकाल. ते कितपत खरे? हिचे तंतू द्रवात वाढवले की ते शायझोफायलन नावाचा पदार्थ बाहेर टाकतात. त्याचा रेणू ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्यांचा असतो आणि अशा तीन साखळ्या वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. जपानमध्ये १९८६ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर, किरणोपचाराच्या जोडीला, या पदार्थाचे इंजेक्शन देण्यास मान्यता मिळाली. तो कर्कपेशींना थेट मारत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चेतवतो.

येथे नीट लक्ष द्या. मान्यता मिळाली ती शुद्ध केलेल्या, मोजून घेतलेल्या पदार्थाला, ठरावीक रोगासाठी, दुसऱ्या उपचाराच्या जोडीला. ओंडक्यावरची अळंबी उकळून प्याल्याने कर्करोग बरा होतो, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. मणिपूरमध्ये ही अळंबी ‘कांगलायेन’ या नावाने आवडीने खातात. पण तेथील लोकांना तिची पिढ्यान् पिढ्या ओळख आहे. केवळ चित्र पाहून किंवा लेख वाचून कोणतीही रानटी अळंबी तोंडात घालू नये. विषारी जाती वरवर निरुपद्रवी दिसू शकतात आणि अशी चूक प्राणघातक ठरते. घरात कोणी आजारी असताना एखाद्याने अळंबीचा काढा सुचवलाच, तर तीन प्रश्न विचारा : कोणता पदार्थ? किती प्रमाणात? कोणत्या रोगावर तपासला? उत्तरे मिळाली नाहीत, तर डॉक्टरांचे उपचार सोडू नका.

पाणी किती शोषले हे आपण तराजूने ठरवले. औषधाचा गुणही असाच मोजून ठरवायचा असतो.

विचार करा :
१. कल्ल्याच्या दोन्ही बाजू सारख्याच आक्रसल्या असत्या, तर काय झाले असते?
२. कोरड्या हवेत बीजाणूंचा पृष्ठभाग झाकला जाण्याचा अळंबीला काय फायदा?
३. पाणी शोषून हालचाल करणारी आणखी कोणती उदाहरणे तुमच्या परिसरात सापडतात?