धूर नसलेला विस्तव

सर्व डाळिंबे लाल असतात. काही लाल वस्तू गोड असतात. निष्कर्ष : काही डाळिंबे गोड असतात.

पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एका सराव चाचणीत हा प्रश्न आला आणि मी डोळे झाकून 'निष्कर्ष निघतो'चा गोल काळा केला. आमची सांगोल्याला साडेतीन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे. डाळिंब गोड असतं की नाही हे मला कोण शिकवणार? उत्तरसूचीत मात्र 'निष्कर्ष निघत नाही' असं होतं. मी सूची काढणाऱ्यालाच वेड्यात काढलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या दिवशी पाच मिनिटं थांबले असते तर पुढचं एक वर्ष वाचलं असतं.

कारण उत्तरसूची बरोबर होती. लाल वस्तूंपैकी काही गोड आहेत एवढंच विधान सांगतं; त्या कोणत्या, ते सांगत नाही. त्या नुसत्या कलिंगडाच्या फोडीही असू शकतात. डाळिंब गोड असतं हे खरं आहे, पण ते मला दिलेल्या विधानांतून कळलेलं नाही, आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, बागेतून कळलेलं आहे. आणि प्रश्न बागेवर नव्हता.

२०१७ साली मी राज्यसेवेची पूर्व परीक्षा दिली. दुसरा पेपर सीसॅटचा, ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट, आणि त्यातला मोठा वाटा उताऱ्यांनी खाल्लेला. तेव्हा या पेपराचे गुण मेरिटमध्ये धरले जायचे. माझं नाव पाच गुणांनी हुकलं. उत्तरतालिका समोर ठेवून पेपर पुन्हा सोडवला, तेव्हा विधान-निष्कर्षाचे तीन प्रश्न चुकलेले सापडले. तीन प्रश्न म्हणजे साडेसात गुण, वर चुकीच्या उत्तरांचे कापलेले वेगळे. तिन्हींचे शब्द आता आठवत नाहीत, घाट मात्र पक्का आठवतो : तिन्हीकडे मी डाळिंबच खाल्लं होतं. (२०२२पासून या पेपरात ३३ टक्के मिळाले की पुरे, गुण मेरिटला धरत नाहीत. त्यामुळे मुलं आता त्याच्याकडे आणखीच दुर्लक्ष करतात आणि काही जण पहिल्या पेपरात भरपूर गुण असूनही इथेच अडकतात.)

मी जिथे शिकवणी लावली होती तिथे या प्रकरणाला दोन तासिका दिल्या होत्या. सगळा भर 'ट्रिक'वर. त्यातली एक ट्रिक मला चांगलीच महागात पडली. निष्कर्षांत एक 'काही आहेत' आणि दुसरा 'एकही नाही' दिसला, की उत्तर 'एक किंवा दोन'. हे कधी बरोबर येतं बघा. सर्व शिक्षक कवी आहेत. काही कवी गायक आहेत. निष्कर्ष एक, काही शिक्षक गायक आहेत. निष्कर्ष दोन, एकही शिक्षक गायक नाही. दिलेल्या विधानांवरून यातला कोणताच ठामपणे सांगता येत नाही, पण दोन्ही एकदम खोटे असू शकत नाहीत आणि एकदम खरेही असू शकत नाहीत. म्हणून 'एक किंवा दोन'. आता दुसरं विधान बदला : सर्व कवी गायक आहेत. निष्कर्ष तेच ठेवा. आता पहिला निष्कर्ष सरळ निघतो, दुसरा साफ पडतो, आणि 'किंवा'ला जागाच उरत नाही. मी मात्र निष्कर्षांची जोडी बघितली, विधानं वाचलीच नाहीत. ट्रिक खोटी नव्हती. दोन्ही निष्कर्ष आधी स्वतंत्रपणे तपासायचे आणि दोन्ही अनिर्णित राहिले तरच ती वापरायची, ही तिची अट फळ्यावर लिहायची राहिली होती, आणि मीही विचारली नाही.

या सगळ्या चुकांचं मूळ मला दाखवलं ते अभ्यासिकेत वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी. आम्ही सगळे त्यांना आजोबा म्हणायचो. माझा पडलेला चेहरा बघून त्यांनी विचारलं, "धूर दिसला तर विस्तव असतो ना?" मी म्हटलं, "असतो." "मग विस्तव दिसला तर धूर असतो का?" मी पुन्हा "असतो" म्हणाले. ते हसले. "लोहाराकडे गेली नाहीस वाटतं कधी. लाल तापलेला लोखंडाचा गोळा बघ. विस्तव आहे, धूर कुठाय?"

अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'पासून न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण भेटतं, हे मला नंतर कळलं. धूर आणि विस्तव यांच्यातला कायमचा संबंध, म्हणजे व्याप्ती, एकाच दिशेने चालते. उलट्या दिशेने चालायची तर मध्ये आणखी एक गोष्ट लागते : ओलं लाकूड. तिला उपाधी म्हणतात. विधानात ओल्या लाकडाचा उल्लेख नसताना आपण ते मनातल्या मनात चुलीत सारतो, तिथे अनुमान बिघडतं. आजोबांनी मला नेमून दिलेला अभ्यास एवढाच : "निष्कर्ष खरा वाटला की तो सिद्ध करत बसू नकोस. तो मोडणारा एक गोळा शोध. सापडला तर निष्कर्ष गेला. सगळीकडे शोधूनही सापडूच शकत नसेल, तर राहिला."

मी त्याआधी वर्तुळं काढायचे ती नेमकी उलट्या हेतूने. जॉन व्हेनने १८८० साली ही वर्तुळांची रीत मांडली. आज प्रत्येक शिकवणीत ती असते. पण विधानं वाचून मनात पहिलं येतं ते चित्र काढायचं, त्यात निष्कर्ष बसला की गोल काळा करायचा, ही माझी पद्धत. पहिलं चित्र नेहमी आपल्या मनासारखंच येतं. आता मी चित्र काढते ते निष्कर्ष पाडण्यासाठी : दोन्ही विधानं पाळायची, पण निष्कर्षाची वर्तुळं मुद्दाम लांब सारून बघायची. सारता आली तर प्रश्न संपला. 'शक्यता आहे' अशा शब्दांत निष्कर्ष असेल तर काम उलटं होतं, तिथे जमवणारं एक चित्र मिळालं की पुरे.

दुसरी सवय मी स्वतः लावून घेतली. विधानं शहाणी वाटली की शब्द बदलायचे. डाळिंबांच्या जागी पेन्सिली, लालच्या जागी झुरळं, गोडच्या जागी ढग. सर्व पेन्सिली झुरळे आहेत, काही झुरळे ढग आहेत, म्हणून काही पेन्सिली ढग आहेत? आता कोणीही थांबेल. पेपरात 'सर्व खुर्च्या हत्ती आहेत' असलं काही आलं की मुलं हसतात, पण ते प्रश्न सुरक्षित असतात. तिथे आपलं ज्ञान मध्ये लुडबुडत नाही. घात होतो तो नदी, शेतकरी, महागाई, मतदार असल्या ओळखीच्या शब्दांनी.

उताऱ्यावरच्या अनुमानांतही हेच. 'निश्चितपणे खरे' आणि 'बहुधा खरे' यांच्या बाजूला 'माहिती अपुरी' नावाचा पर्याय असतो. तो निवडताना आपण अडाणी ठरतोय असं वाटतं. वाटू द्यावं.

मराठी माणसाची एक अडचण मात्र पुस्तकांत फारशी सापडत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. आपण रोज बोलतो ती मराठी आणि पेपरातली मराठी वेगळी आहे. 'काही पाहुणे जेवले' असं आई म्हणाली की आपण उरलेल्यांची पानं मांडायला घेतो. पेपरात 'काही' म्हणजे किमान एक. सगळेही जेवले असू शकतात. त्यामुळे 'काही पाहुणे जेवले नाहीत' हा निष्कर्ष तिथे निघत नाही. तसंच 'सगळे पाहुणे जेवले नाहीत'. घरात याचा अर्थ काही जण राहिलेत असाही होतो, आणि एकही जेवला नाही असाही. असं वाक्य आलं तर शेजारच्या इंग्रजी वाक्यावर नजर टाकायला लाजू नये. पेपर दोन्ही भाषांत असतो.

आणि सगळ्यात वाईट तो 'च'. 'फक्त नोंदणी केलेले शेतकरीच अनुदानास पात्र आहेत.' यावरून 'नोंदणी केलेला प्रत्येक शेतकरी पात्र आहे' असं मी बिनदिक्कत काढलं होतं. निघतं ते उलट : जो पात्र आहे तो नोंदणी केलेला आहे. नोंदणी करूनही अनुदान न मिळालेल्या माणसाच्या घरात मी वाढले, तरी मला हे कळू नये! आता मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि असली वाक्यं मीच टाइप करते. खिडकीवर एखादे काका पावती नाचवत "नोंदणी केलीय की!" म्हणतात, तेव्हा मला हसू येत नाही.

'जर-तर'मध्येही चूक याच जातीची. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक कोडं मांडलं, ते मी आमच्या गावातल्या वाचनालयात शिकायला येणाऱ्या मुलांना घालते. चार पत्ते : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा का, हे तपासायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. वेसनच्या प्रयोगातही बहुतेक जण चुकले. उलटायचे ते अ आणि ७. चाराच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. साताच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. सात हा लोहाराचा गोळा.

हे सगळं आण्णांना सांगितलं तेव्हा ते बागेत होते. माझं ऐकून घेऊन म्हणाले, "मग नवीन काय सांगितलंस? तेल्या रोग आला की फळावर डाग पडतो. म्हणून डाग दिसला की तेल्या म्हणायचं का? उन्हानंही चट्टा पडतो, बुरशीनंही पडतो. फळ हातात घे, डाग तेलकट हाय का, फळ चिरलंय का बघ, मग औषध काढ. न्हाईतर फवारणी वाया." मी पुण्यात खोलीभाडं, मेस आणि शिकवणीची फी भरून जे शिकले ते बांधावर फुकट मिळत होतं.

राज्यसेवा माझी झाली नाही. पुढच्या प्रयत्नात हे प्रश्न बरोबर आले, पण मुख्य परीक्षेत इतर विषयांनी हात दिला नाही, आणि मी लिपिकाची जागा घेतली. रविवारी गावातल्या वाचनालयात सात-आठ मुलं येतात. त्यांना मी पहिला आठवडाभर घड्याळ लावू देत नाही. घरी रोज दहाच प्रश्न. उत्तराशेजारी एक ओळ लिहायची : निष्कर्ष निघत नसेल तर तो मोडणारं उदाहरण, निघत असेल तर उदाहरण का सापडू शकत नाही ते. वेग पंधरा-वीस दिवसांत आपोआप येतो. चुकलेल्या प्रश्नापुढे 'सिली मिस्टेक' लिहायला बंदी आहे. कोणता शब्द घरून आणला तो लिहायचा. माझ्या २०१७च्या वहीत असा रकाना असता तर त्यात तीनदा 'डाळिंब' आलं असतं.

गेल्या रविवारी दहावीतली एक मुलगी भांडायला आली. सर्व डॉक्टर पदवीधर आहेत, काही पदवीधर श्रीमंत आहेत, तर काही डॉक्टर श्रीमंत आहेत हे निघालंच पाहिजे म्हणे. सांगोल्यातल्या दोन दवाखान्यांच्या इमारती तिने पुरावा म्हणून दिल्या. मी काही बोलले नाही, कोरा कागद पुढे केला. तिने तीन वर्तुळं एकमेकांत अडकवून काढली, विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. मी नुसतंच श्रीमंतांच्या वर्तुळावर बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग खोडरबर मागून घेतलं, ते वर्तुळ पुसलं आणि डॉक्टरांपासून लांब, पदवीधरांच्या कडेला, पुन्हा काढायला घेतलं.