'कमवा व शिका'ची मुलं सांभाळताना

कॉलेजात 'कमवा व शिका' योजनेखाली काम करणाऱ्या मुलांकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. काहींना ती गरीब बिचारी वाटतात, काहींना फुकटचे मदतनीस. विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून ही मुलं माझ्याकडे आली तेव्हापासून मी या दोन्ही नजरांशी भांडते आहे. ज्यांच्याकडे यंदा ही जबाबदारी नव्याने येणार आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

आधी घडलेली गोष्ट सांगते. आमच्या ग्रंथालयात टी. वाय. बी. ए.चा एक विद्यार्थी देवघेव काउंटरवर काम करायचा. चुणचुणीत, हिशेबाला पक्का. काम झटपट व्हावं म्हणून तिथल्या एका कर्मचाऱ्याने आपलं लॉगिन आणि पासवर्ड त्याला देऊन ठेवला होता. मार्चमध्ये हिशेब जुळवताना लक्षात आलं, की बऱ्याच सभासदांचा उशिराचा दंड पावती न फाडताच माफ झाला आहे. लॉगिन कर्मचाऱ्याचं, पण त्या संगणकावर बसणारा हा मुलगा. सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. चौकशीच्या वेळी मी समोर होते. खाली मान घालून तो एवढंच म्हणाला, "मॅडम, मी फक्त पुस्तकं जमा-नावे करतो. दंडाचं पान मी उघडलेलंच नाही."

आम्ही संगणकातल्या नोंदींची यादी काढली आणि त्याचं हजेरीपत्रक शेजारी ठेवलं. दंड माफ झाल्याच्या नोंदी दुपारी बाराच्या आसपासच्या होत्या. त्या वेळी त्याचा अर्थशास्त्राचा तास असायचा आणि त्या दिवशीच्या वर्गहजेरीतही तो होता. मुलगा निर्दोष सुटला. पण वर्गात, होस्टेलवर, काउंटरच्या अलीकडे-पलीकडे कुजबुज व्हायची ती होऊन गेली होती. तो पुन्हा कामावर आला नाही. महिन्याच्या खर्चाचा आधार गेला तो त्याचा, आमचा कुणाचाच नाही.

या प्रसंगाने माझं एक मत कायमचं पक्कं झालं. मुलावर विश्वास असेल, तर त्याच्यावर संशय येऊच नये अशी व्यवस्था आधी उभी करा. 'आमचा तुझ्यावर विश्वास आहे' असं म्हणून चाव्या हातात देणं सोपं असतं. काही कमी-जास्त झालं की त्या चाव्यांची किंमत मात्र मुलाला मोजावी लागते.

म्हणून पहिली गोष्ट: कुणाचंही लॉगिन मुलाला वापरू देऊ नका. कोहासारख्या ग्रंथालय प्रणालीत प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देता येतं आणि कुणाला काय करता येईल हेही ठरवता येतं. पुस्तकं देण्या-घेण्याची मुभा द्या, दंड माफ करण्याची देऊ नका. रोकड मोजायला मुलाला एकट्याला बसवू नका. परीक्षा विभागात तर या मुलांना नेमूच नका. उत्तरपत्रिका, अंतर्गत गुण, प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे यांच्या आसपास विद्यार्थी असणंच चूक आहे, मग तो कितीही सज्जन असो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचंही तेच. त्यात वर्गमित्रांचे जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले असतात. ते दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नजरेस का पडावेत?

दुसरी गोष्ट हजेरीपत्रकाची. आमच्या त्या मुलाला वाचवलं ते त्याच कागदाने. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेलं काम आणि दोघांच्या सह्या, हे त्याच दिवशी झालं पाहिजे. पुष्कळ ठिकाणी महिनाअखेरीला एकाच पेनाने, एका बैठकीत सगळा महिना भरला जातो. असा कागद वेळ आली की कुणाच्याच कामी येत नाही. लेखापरीक्षणात तर तो पहिल्यांदा पकडला जातो, कारण कामाचे तास आणि वर्गाचे तास एकमेकांवर चढलेले असतात. मी प्रत्येक मुलाचं वेळापत्रक हजेरीपत्रकाच्या मागेच चिकटवून ठेवते. 'ग्रंथालयीन काम' असं मोघम लिहू देत नाही. 'संदर्भ विभाग, दोन कपाटं लावली' असं लिहायला लावते.

तिसरी गोष्ट, काम खरं असावं आणि ते शिकवलेलं असावं. पुस्तकं जागेवर लावणं हे अडाणी काम आहे असं समजून मुलांना थेट कपाटापाशी उभं करतात. आता मराठी साहित्याचा डेवी क्रमांक 891.46. कविता 891.461, कथा-कादंबरी 891.463, साहित्याचा इतिहास 891.4609. नवा मुलगा हटकून 891.4609 हे पुस्तक 891.461च्या नंतर लावतो, कारण त्याला 4609 हा आकडा 461पेक्षा मोठा दिसतो. दशांश चिन्हानंतर एकेक अंक डावीकडून वाचायचा असतो आणि म्हणून 09 हे 1च्या आधी येतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पुस्तक चुकीच्या जागी गेलं की ते हरवल्यातच जमा, आणि मग बोलणी मुलाला. पंधरा मिनिटं सोबत उभं राहून दहा पुस्तकं त्याच्याकडून लावून घेतली, की हा घोळ होत नाही. शिवाय ग्रंथालयात ज्ञानाची मांडणी कशी केलेली असते, हे त्याला कळतं. योजनेच्या नावातलं 'शिका' ते हेच.

आणि चहा. "अरे, जरा चार चहा सांगून ये" हे वाक्य या मुलांच्या वाट्याला रोज येतं. काम म्हणून चहा आणण्यात कमीपणा नाही, आमचे शिपाई मामा ते सन्मानाने करतात. पण ज्या मुलाला वर्गात आपण प्रश्न विचारतो, त्याला वर्गमैत्रिणींच्या देखत ट्रे घेऊन व्हरांड्यातून फिरवणं योग्य नाही. मी विभागप्रमुखांना कामाची लेखी यादीच देते. यादीबाहेरचं काम सांगायचं असेल तर आधी माझ्याशी बोला, असंही स्पष्ट सांगते. सुरुवातीला काहींना राग येतो. येऊ द्यावा.

वेळेचा विचार करताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. खेड्यातून पासावर येणाऱ्या मुलीची साडेपाचची गाडी चुकली तर पुढची कधी, आणि ती थेट गावात जाते की फाट्यावर सोडते, हे माहीत असल्याशिवाय तिला संध्याकाळचं काम देऊ नये. प्रात्यक्षिकांच्या दिवशी काम नको. परीक्षेच्या महिन्यात तास कमी होतात आणि पैसेही कमी येतात, तेव्हा अभ्यास सोडून मुलं कामाला चिकटतात. त्याआधीच्या महिन्यांत थोडे जास्त तास देऊन ती तूट भरून काढता येते, पण त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच आखणी हवी.

सगळ्यात नाजूक भाग पैशाचा. बिल तयार होऊन मंजुरी येईपर्यंत आठवडे जातात, पण मेसवाल्याला पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच लागतात. मानधन रखडलं की मुलगा कुणाकडे तक्रार करत नाही, तो एक वेळचा डबा बंद करतो. मी हे पाहिलेलं आहे. म्हणून जूनमध्येच प्राचार्यांकडून लेखी मंजुरी घेऊन ठेवावी, की अनुदान येईपर्यंत कॉलेजच्या निधीतून ठरलेल्या तारखेला मुलांच्या बँक खात्यात रक्कम जमा होईल. हे प्रत्येक कॉलेजला जमेलच असं नाही. पण मागितल्याशिवाय तर कुठेच जमत नाही.

मुलगा न सांगता दोन दिवस आला नाही, तर आधी फोन करा, नोटीस नंतर. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांमागे धाकट्या भावंडांचं आजारपण काढणारी मुलं आमच्याकडे आहेत. चुकलं तर बोलावंच, पण दार लावून. कामचुकारपणाही खपवून घेऊ नये, कारण त्याची शिक्षा शेजारी इमानाने राबणाऱ्या दुसऱ्या मुलाला होते.

ही योजना विद्यापीठात ज्यांच्या नावाने चालते, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामंही वाटून करत. 1947मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही कमवा आणि शिका याच तत्त्वावर. शिक्षण मिळवताना मुलाला कुणापुढे हात पसरावा लागू नये, हा त्यामागचा विचार होता. आज आपण त्याच मुलाला मानधनासाठी खेटे घालायला लावले किंवा पुराव्याशिवाय चोर ठरवलं, तर योजनेला दिलेलं नाव आपण राखलं नाही.

शेवटचं एक काम वर्षअखेरीचं. प्रत्येक मुलाला अनुभवाचं प्रमाणपत्र द्या, पण 'काम समाधानकारक होतं' असं छापील नको. त्याने कोणत्या विभागात किती तास काम केलं, कोणती प्रणाली हाताळली, काय शिकला, हे त्यात लिहा. आमच्या एका मुलीने नोकरीच्या मुलाखतीत असंच प्रमाणपत्र पुढे ठेवलं आणि तिला पुढचे सगळे प्रश्न त्या कामावरच विचारले गेले. ती उत्तरं तिला पाठ करावी लागली नव्हती.