मधल्या पदाची फोड

प्रश्न : अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवताना पहिला सहगुणक आणि शेवटची संख्या यांचा गुणाकार करतात. मग त्या गुणाकाराचे असे दोन अवयव शोधतात, की त्यांची बेरीज मधल्या सहगुणकाइतकी येईल. उत्तर बरोबर येतं, पण पहिल्याला शेवटच्यानं गुणायचं कशासाठी?
– दहावीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : रीत जमल्यावरही ‘कशासाठी’ विचारलंस, याचा फार आनंद झाला.

६क्ष² − क्ष − २ = ० हे समीकरण घे. ६ × (−२) = −१२. बेरीज −१ हवी, म्हणून −४ आणि ३. मग ६क्ष² − ४क्ष + ३क्ष − २, आणि सामाईक बाहेर काढलं की (२क्ष + १)(३क्ष − २).

आता हेच कंस पुन्हा गुण, पण मधली दोन पदं एकत्र करू नकोस. कंसांत चार संख्या आहेत : २, १, ३ आणि −२. पहिल्या पदातला ६ आला २ × ३ मधून आणि शेवटचा −२ आला १ × (−२) मधून. मधल्या दोन तुकड्यांपैकी −४ म्हणजे २ × (−२), आणि ३ म्हणजे १ × ३. टोकाच्या दोघांचा गुणाकार कर किंवा मधल्या दोघांचा, चारही संख्या एकेकदाच वापरल्या जातात. म्हणून दोन्हीकडे −१२ यायलाच हवेत. कंस कोणतेही घेतलेस तरी हे असंच घडतं. आपल्याला कंस ठाऊक नसतात, टोकं मात्र दिसत असतात. म्हणून मधले तुकडे टोकांच्या गुणाकारावरून शोधायचे.

उजवीकडे शून्य हवंच. गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य असतो, म्हणून क्ष = −१/२ किंवा २/३. उजवीकडे ६ असता, तर २ × ३, १ × ६, १२ × १/२, कितीही जोड्या निघाल्या असत्या.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सुमारे ११५०) एक सुंदर उदाहरण आहे. कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी वानरं वनात खेळताहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत; तर एकूण किती? समीकरण होतं क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. बेरीज ६४, गुणाकार ७६८ : उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही पडताळून बघ, दोन्ही बसतात आणि भास्कराचार्यांनीही दोन्ही मान्य केली आहेत. पण ते अवयव पाडत नाहीत. श्रीधराचार्यांचा नियम सांगून वर्ग पूर्ण करतात. मला ते अधिक भक्कम वाटतं. टेकडीवर १२ ऐवजी १३ वानरं घे : क्ष² − ६४क्ष + ८३२ = ०. बेरीज ६४ आणि गुणाकार ८३२ असलेली पूर्णांकांची जोडी नाहीच. म्हणून बराच वेळ जोडी सापडली नाही, तर विवेचक काढ. इथे तो ७६८ येतो आणि ७६८ हा पूर्ण वर्ग नाही. शोध थांबवायचा आणि सूत्र वापरायचं.